बदक बुडालं

रिटायर होऊन बाबांना फार दिवस झाले नव्हते, तेव्हा त्यांना लकवा मारला. सकाळी दाढी करता करता हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. तो उचलून दे म्हणून त्यांनी आईला हाक मारली, पण ती हाक नव्हतीच, नुसता आवाज होता. आई स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा ते आरशात स्वतःच्या तोंडाकडे पाहत उभे होते. अर्ध्या गालाला साबण होता.

हॉस्पिटलमधून घरी आले तोवर पाय बराच सुधारला होता. काठी धरून संडासापर्यंत जात. उजवा हात मात्र पोटाशी दुमडलेलाच राहिला. आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं की यांना सगळं कळतं, डोकं शाबूत आहे, फक्त हवा तो शब्द सापडत नाही. पाणी मागायला जावं तर तोंडात ‘चप्पल’ येई. चुकलं हे त्यांना लगेच कळे. मग ते पुन्हा प्रयत्न करत, पुन्हा ‘चप्पल’च येई, आणि मग ते गप्प होत.

दोन गोष्टी मात्र जशाच्या तशा राहिल्या होत्या. एक ‘नाही’, आणि दुसरं ‘जय भीम’. कोणी भेटायला आलं, दारातून हात जोडून ‘जय भीम’ म्हणालं, की बाबा अगदी पहिल्यासारखं खणखणीत उत्तर देत. येणाऱ्याला वाटे, चला, माणूस बरा आहे. तो खुर्ची ओढून बसे, ‘कसं वाटते आता?’ विचारे, आणि मग बाबा काहीतरी सांगू लागत. “त्या दिवशी तं... ते कोबी... कोबी घेऊन...” समोरच्याचा चेहरा हळूहळू बदलत जाई. तो बदलताना बाबा पाहत. पुढे पुढे कोणी आलं की ते ‘जय भीम’ म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपू लागले.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले होते. आंबा, कप, घड्याळ, मांजर. मी संध्याकाळी शेजारच्या दुर्ग शहरातून कामावरून आले की ते घेऊन बसायचे. तिथल्या एका वकिलाकडे मी टायपिंगचं काम करत होते. बाबांनी आयुष्यभर प्लांटमध्ये फिटरचं काम केलं होतं, मोठमोठ्या पंपांची पोटं उघडली होती. त्यांच्यापुढे मी मांजराचं चित्र धरायची आणि विचारायची, “बाबा, हे काय?” ते चित्राकडे न पाहता माझ्याकडे पाहायचे. रागाने नाही. मला या कामाची लाज वाटते आहे हे त्यांना दिसत होतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं, असं मला वाटे.

त्याच दिवसांत क्वार्टर सोडायची वेळ जवळ आली. सेक्टर दहामधलं प्लांटचं हे क्वार्टर म्हणजे आमचं घर. मी त्याच घरात रांगले होते. पण रिटायर झाल्यावर ते सोडावं लागतंच, आणि बाबांनी दुर्गला मोहन नगरमध्ये दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. सामान बांधायला लागलो तेव्हा प्रश्न आला मोटरसायकलचा.

ती पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली उभी होती. काळी, जड, आता कुठे मिळत नाही अशी. बाबांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. याच गाडीवर त्यांनी ड्युट्या केल्या, आईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं, तिला आणि आम्हा दोघा भावंडांना गोंदियाच्या बाजूला गावी नेलं. पुण्याला असलेल्या भावाने फोनवर सांगितलं, “कबाडीवाल्याले देऊन टाक. आता कोन चालवनार हाय?” म्हणणं बरोबरच होतं. मी आईला विचारलं.

आई म्हणाली, “मले कावून विचारतं? ज्याची हाय त्याले विचार.”

विचारायचं मला धैर्य झालं नाही. म्हटलं, आधी सुरू तरी होते का पाहू. सुरू होत नाही म्हटलं की विकायला सोपं जाईल. रविवारी सकाळी चादर काढली, टाकीत ताजं पेट्रोल टाकलं, कॉक उघडला आणि किक मारू लागले. मी आतापर्यंत फक्त स्कूटी चालवली होती. किक माझा पाय उलटा फेकत होती. गाडी मेल्यासारखी पडून होती.

आतल्या खोलीतून आवाज आला. “चोक.”

मी थांबले. आई हातातलं भांडं तसंच धरून दारात आली. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो.

“चोक,” बाबा पुन्हा म्हणाले. या वेळी जरा चिडून, एवढं साधं कळत नाही का, अशा सुरात.

मी चोक ओढला. किक मारली. चौथ्या-पाचव्या किकेला गाडीने खोकल्यासारखं केलं आणि ती सुरू झाली. धुराने पोर्च भरला. मी चोक बंद केला तशी ती तडफडून बंद पडली. पुन्हा चोक, पुन्हा सुरू. चोक काढला की बंद.

काठीचा आवाज आला. बाबा उठून दारापर्यंत आले होते. त्यांनी चौकटीला खांदा टेकला आणि डाव्या हाताचं बोट अंगठ्याच्या अगदी जवळ नेऊन मला दाखवलं. “बारीक,” ते म्हणाले. “बारीक... खिडकी. खिडकी बंद.”

आईने खरंच मागे वळून खिडकीकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली, “नाही.” काठीने त्यांनी इंजिनाच्या बगलेला असलेल्या कार्बोरेटरकडे दाखवलं.

पुढचे काही रविवार, आणि मधल्या संध्याकाळीसुद्धा, आम्हा तिघांचे पोर्चमध्ये गेले. आईने बाबांसाठी खुर्ची आणून ठेवली. मी जमिनीवर पोतं घालून बसायची. बाबा दाखवत, मी खोलायची. कोणता पाना घ्यायचा हे ते काठीने दाखवत. कार्बोरेटर बाहेर काढून खालची वाटी उघडली तेव्हा तिच्यात पिवळट, चिकट साका बसला होता, गुळाच्या पाकासारखा. गाडी महिनोन्महिने उभी राहिली होती आणि पेट्रोल आतल्या आत वाळून गेलं होतं. आत दोन पितळी जेट होते, पेट्रोल सोडणारे भोकाचे स्क्रू, एक जाड, एक बारीक. बारकाला भोक आहे हे मला उजेडाकडे धरूनही दिसेना.

“खिडकी,” बाबा म्हणाले.

तेव्हा कळलं. गाडी नुसती उभ्याउभ्या चालते तेव्हा ज्या भोकातून पेट्रोल येतं ते बुजलं होतं. चोक ओढला की हवा कमी होते आणि दुसऱ्या वाटेने कसंबसं पेट्रोल मिळतं, म्हणून गाडी चालते. चोक काढला की उपाशी मरते.

आईने शिवणाची सुई आणून दिली. मी ती भोकात घालणार तोच बाबा खुर्चीतून अर्धे उठले. “नाही. नाही, नाही. लाल... लाल केस.”

“लाल केस कोनाचे?” आई म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. शब्द शोधताना ते डोळे मिटत. मग त्यांनी काठी उचलून भिंतीवरच्या बिजलीच्या बोर्डाकडे रोखली. मी थोडा वेळ पाहत राहिले. मग आत जाऊन जुन्या इस्त्रीची तुटकी वायर आणली, चाकूने सोलली. आतून तांब्याच्या केसासारख्या तारा निघाल्या. एक तार ओढून त्यांच्यापुढे धरली. बाबा खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी डावा हात मांडीवर आपटला, जसं कोणी पत्त्यात डाव जिंकल्यावर करतं. सुई पोलादाची, ती पितळेचं भोक मोठं करते. तांबं मऊ असतं. हे त्यांनी सांगितलं नाही, पुढे मी कोणाकडून तरी ऐकलं.

त्या दिवशी भोक मोकळं झालं. उजेडाकडे धरलं तर टाचणीच्या टोकाएवढं आभाळ दिसलं. मी ते बाबांच्या डोळ्यापुढे धरलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग आईला बोलावून तिलाही पाहायला लावलं. आईने एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाली, “हो, दिसून राह्यलं.” तिला दिसलं की नाही कोण जाणे.

पण सगळं जोडून पेट्रोलचा कॉक उघडला तर कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल धारेने वाहू लागलं. फरशीवर थारोळं झालं. मी घाईने कॉक बंद केला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच.

बाबा म्हणाले, “बदक.”

मी म्हटलं, “काय, बाबा?”

“बदक. बदक... बुडालं.”

पुन्हा सगळं खोललं. एकेक भाग हातात घेऊन मी विचारत होते, “हे? हे?” ते पुढे वाकून पाहत, पण मी भाग भराभर उचलत ठेवत होते आणि त्यांची नजर माझ्या हाताच्या मागे राहत होती. “नाही. बदक.” मी स्क्रू दाखवला, “नाही.” सुईसारखी पिन दाखवली, तर ते अडखळले, मान अर्धी हलवली, मग “नाही” म्हणाले. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तरी तेच. ते दारातच वाट पाहत उभे होते. मी चप्पल काढायच्या आतच ते म्हणाले, “बदक.”

मी दमलेली होते. म्हटलं, “बाबा, मले नाही समजून राह्यलं. उद्या पाहू.”

ते काठी टाकून खाली बसले, जमिनीवरच, आणि एका हाताने कार्बोरेटर उचलायला गेले. तो त्यांच्या बोटांतून निसटून फरशीवर आपटला. मग ते रडले. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आजी गेली तेव्हासुद्धा नाही. आवाज न करता, तोंड वाकडं करून, गेलेला हात चांगल्या हाताने धरून ते रडत होते. मी त्यांच्याजवळ बसले.

आई आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “तू जा, हातपाय धू.” मी आत गेले. नळ सोडून उभी राहिले आणि बाहेरचं ऐकत राहिले. आई पदराने त्यांचं तोंड पुसत असावी. मग तिचा आवाज आला, रोज भाजीला काय करू विचारते तसा.

“दोन दिवस झाले बदक बदक करून राह्यले तुमी. बदक कुठं राह्यते? तळ्यात. तळ्यात काय करते?”

मग तिनेच उत्तर दिलं.

“पाण्यावर बसते. खाली जात नाही.” मग तिने मला हाक मारली. “अवं पोरी, त्या मशीनीत पेट्रोलावर तरंगणारं काही हाय का, पाय बरं.”

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. खोललेल्या भागांत दोन पितळी डबे होते, चपटे, एका कांबीने जोडलेले. वाटीतल्या पेट्रोलवर ते तरंगतात. पेट्रोल वाढलं की वर उचलले जातात आणि वरची पिन दाबून पेट्रोलची वाट बंद करतात. मी ते उचलून बाबांना दाखवलं. त्यांनी ओल्या चेहऱ्याने मान हलवली. हो. हो. मग माझ्या हातातून घेऊन कानाशी नेलं आणि हलवलं. माझ्याही कानाशी धरलं. एका डब्यात आत थेंबभर काहीतरी डुचमळत होतं.

बदक बुडालं होतं. डब्याला कुठेतरी भोक होतं, आत पेट्रोल शिरलं होतं, आणि जड झालेला डबा वर येतच नव्हता. पेट्रोलची वाट उघडीच राहत होती.

आई हसायला लागली. मग मी. बाबांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, आणि तेही हसले, त्या एका बाजूच्या हसण्याने.

भोक शोधायची युक्ती बाबांनी हातवारे करून सांगितली. आईने पाणी गरम केलं, पेट्रोलच्या डब्याजवळ आग नको म्हणून गॅस बंद केला, तरी समाधान झालं नाही म्हणून पातेलं उचलून अंगणात गुलमोहराखाली नेऊन ठेवलं. तिथे मी तो डबा पाण्यात दाबून धरला. जोडावरून एकामागून एक बारीक बुडबुडे वर येऊ लागले. तिघेही वाकून पाहत होतो. रस्त्याने जाणाऱ्या शेजारीणबाईंनी विचारलं, “क्या पका रहे हो बाहर?” आई म्हणाली, “बतख.” बाई दोन पावलं पुढे जाऊन परत वळून पाहू लागल्या. बाबांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला.

डबा पूर्ण रिकामा आणि कोरडा करून मी पॉवर हाऊस भागातल्या बाजारात रेडिओ-पंखे दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने तो उलटसुलट केला, म्हणाला, “बन जाही, दीदी,” आणि जोडावर शिसं वितळवून झाळलं. जास्त शिसं लावू नका, डबा जड होईल, असं मी आधीच सांगितलं होतं, कारण बाबांनी घरून निघताना मला बजावलं होतं. खरं तर ते म्हणाले होते, “मीठ कमी.” आता मला तेवढं कळू लागलं होतं.

पेट्रोल वाहायचं थांबलं. गाडी सुरू झाली, चोक काढल्यावरही सुरू राहिली. पण कधी आपोआप भणभणे, कधी मरगळून बंद पडायला येई. बाबांनी खुर्ची गाडीच्या अगदी जवळ ओढून घ्यायला लावली. डावा हात पुढे केला. मी त्यात स्क्रूड्रायव्हर दिला.

ते डावखुरे नव्हते. टोक खाचेत बसेना. मी त्यांचा हात धरायला गेले तर “नाही.” मी मागे सरले. टोक घसरलं, पुन्हा घसरलं, मग बसलं. त्यांनी हवेचा स्क्रू हळूच फिरवला. इंजिनाचा आवाज चढला. अजून थोडा. आवाज अडखळला, तसा त्यांनी जरा परत घेतला. मान तिरपी करून ऐकत होते. मग दुसरा स्क्रू, आवाज खाली खाली उतरवत. शेवटी गाडी अशी चालू लागली की ठोक्यांच्या मधल्या जागेत आईच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि गाडीच्या टाकीवर हात ठेवून बसून राहिले.  आईने आत जाऊन कुकर बंद केला आणि ती परत येऊन उभी राहिली.

“असाच आवाज येत होता,” ती म्हणाली. “सेकंड शिफ्ट सुटली का मी या आवाजानंच भात वाढायले उठो.”

भावाला मी फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही. तो म्हणाला, “बाबा काय म्हंते?” मी फोन बाबांच्या कानाला लावला. त्याआधी ते फोन कधी घेत नव्हते. ते म्हणाले, “गाडी... गाडी चांगली. तू... जेवला?”  पलीकडून भाऊ म्हणाला, “हो बाबा, जेवलो.”

चालवायला मी सेक्टरच्याच मोकळ्या रस्त्यांवर शिकले. पहिल्यांदा गाडी माझ्या अंगावर कलली आणि मी ती सावरली तेव्हा बाबांनी बोलणं सोडून सरळ टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. एका हाताने वाजत नाहीत म्हणून मांडीवर वाजवल्या. क्वार्टर सोडलं त्या दिवशी सामान मेटाडोरमधून गेलं, आई-बाबा ऑटोने, आणि मी मोटरसायकलने त्यांच्या मागोमाग. बाबा सारखे मागे वळून पाहत होते. आई त्यांचा खांदा धरून त्यांना पुढे वळवत होती.

मोहन नगरला आल्यावर त्यांचं बोलणं हळूहळू परत आलं. सगळं नाही. अजूनही दमले की शब्द निसटतात, ‘गोळी’ला ‘बटन’ म्हणतात, आणि आम्ही बटन देतो म्हणजे गोळी देतो. पण कोणी आलं तर आता ते भिंतीकडे वळत नाहीत. गल्लीतल्या लोकांना त्यांचं बोलणं समजतं, नाही समजलं तर ते सरळ विचारतात. चित्रांचे पत्ते मी त्या बाईंना परत केले. त्या म्हणाल्या, “अच्छा बोल रहे हैं. क्या करवाया आपने?” मी थोडं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण कार्बोरेटर म्हणजे नेमकं काय ते त्यांना बहुतेक ठाऊक नव्हतं.

हातापायांचे व्यायाम शिकवायला येणाऱ्यांनी परवानगी दिल्यावर मी बाबांना पहिल्यांदा मागे बसवलं. आईने ओढणीने त्यांना माझ्या कमरेला बांधलं, ते ‘नाही, नाही’ म्हणत असताना. संध्याकाळची वेळ होती. आम्ही गल्ली ओलांडून मोठ्या रस्त्याला लागलो, रेल्वे फाटकापर्यंत अगदी हळू गेलो. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता. वाटभर ते माझ्या कानाशी बोलत होते. वाऱ्याने निम्मं ऐकू येत नव्हतं, ऐकू आलं त्यातलं निम्मं कळत नव्हतं. मी “हो, बाबा” म्हणत राहिले. फाटक बंद होतं. एक लांबच लांब मालगाडी गेली, आम्ही ती संपेपर्यंत पाहिली, आणि परत फिरलो.

आई घराच्या दारात उभी होती. ओढणीची गाठ सोडता सोडता तिने विचारलं, “एवढा वेळ कुठं गेलते तुमी?”

“भाजी,” बाबा म्हणाले.

आमच्या हातात भाजी नव्हती. चुकून आलेला शब्द होता की थट्टा, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. आईने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

“मंग थैली कावून नाही नेली?” ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली.